इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाउसची बागेची भिंत : दुरुस्ती कशी करावी, कुठे हात लावू नये

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींच्या वाट्याला परसात एक अनपेक्षित ठेवा येतो. घर अलीकडचं, स्वयंपाकघर चकचकीत, आणि बागेच्या टोकाला दहा फूट उंच, शेवाळलेली, जागोजाग पोट सुटलेली लाल विटांची भिंत. मूळच्या बड्या घराचे फ्लॅट झालेले असतात किंवा ते केव्हाच पाडलेलं असतं. त्याच्या भाजीपाल्याच्या बागेचे प्लॉट पडून विकले जातात आणि भिंत तेवढी उभी राहते. माझ्याकडे अशी सव्वीस मीटर आली.

पहिल्या वर्षी मी ती जवळजवळ बिघडवलीच. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या उत्साहाने सात-आठ मीटरच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या मालाने भरल्या. नोव्हेंबरात दोन रात्री पाणी गोठलं आणि भरलेला सगळा माल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटाने निघाला. त्यानंतर मी गवंड्यांना विचारत, वाचत आणि चुकत जे शिकलो ते कामाच्या क्रमाने इथे लिहितो आहे. भिंत तुमची असो किंवा तुम्ही शनिवार-रविवार एखाद्या जुन्या बागेत स्वयंसेवक म्हणून जात असा, क्रम तोच राहतो.

थापी उचलण्याआधी कागद

भिंत कोणाची आहे हे टायटल प्लॅनवर, म्हणजे मालकीच्या नकाशावर, पाहा. मग हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट’मध्ये तुमचा परिसर शोधा, ही यादी इंटरनेटवर फुकट आहे. भिंतीचं नाव यादीत नसलं म्हणून सुटलो असं समजू नका. 1990 च्या कायद्यानुसार लिस्टेड, म्हणजे या यादीतल्या संरक्षित इमारतीच्या आवारात 1 जुलै 1948 च्या आधीपासून असलेलं बांधकामही त्या इमारतीचा भाग धरलं जातं, आणि जमीन नंतर तुकड्यांनी विकली म्हणून भिंत आपोआप त्यातून बाहेर पडत नाही. परवानगीशिवाय केलेला बदल हा इथे फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेली चूक सुधारण्याची नोटीस आजच्या मालकाच्या हातात पडू शकते, हे घर घेतानाच लक्षात ठेवलेलं बरं.

जशी होती तशी, त्याच प्रकारच्या मालाने केलेली किरकोळ दुरुस्ती बहुधा परवानगीविना चालते. भिंतीचा तुकडा उतरवून पुन्हा बांधायचा असेल तर चालत नाही. मधली हद्द धूसर आहे, म्हणून कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या वास्तू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, फोटोंसह ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. ही माणसं वाटतात तितकी खडूस नसतात. भिंतीवर स्वतःहून प्रेम करणारा मालक भेटला की त्यांनाही बरं वाटतं.

भिंतीच्या फटींत वटवाघळं राहत असतील तर काम थांबवून तज्ज्ञाला बोलवा. त्यांची जागा त्या वेळी रिकामी असली तरी तिला कायद्याचं संरक्षण आहे. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, आणि नेमका तोच चुन्याच्या कामाचा हंगाम. त्यामुळे वेलींची छाटणी आदल्या हिवाळ्यात उरकून घ्यावी लागते.

भिंत वाचायला शिका

एक वही, टेप आणि दुपारचा तिरपा उजेड एवढं पुरतं. विटेची लांबी, रुंदी, जाडी मोजा. मग चार थरांची सांध्यांसकट उंची मोजा. हे आकडे पुढे नव्या विटा मागवताना लागतात, पण त्यांतून भिंतीचं वयही थोडं कळतं. सतराव्या शतकातल्या विटा साधारण दोन-सव्वादोन इंच जाडीच्या. 1784 साली अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायला विटांवर कर बसला, आणि तो नगावर होता. वीटभट्टीवाल्यांनी विटा मोठ्या केल्या. मग 1803 मध्ये सरकारने मोठ्या विटांना दुप्पट कर लावला. 1850 मध्ये तो कर गेला. मात्र एकट्या विटेवरून तारीख ठोकू नका. पाडलेल्या घराच्या विटा बागेत वापरणं तेव्हाही सर्रास चालायचं.

आता विटांची रचना, म्हणजे बाँड, पाहा. विटेची लांब बाजू दिसते तिला इथले गवंडी स्ट्रेचर म्हणतात आणि आखूड टोक दिसतं त्याला हेडर. एका थरात नुसते स्ट्रेचर आणि पुढच्या थरात नुसते हेडर असले तर तो इंग्लिश बाँड. एकाच थरात दोन्ही आळीपाळीने आले तर फ्लेमिश. लंडनमधल्या 1631 च्या क्यू पॅलेसची वीट या बाँडचा इंग्लंडमधला जुना नमुना म्हणून दाखवली जाते. बागेच्या भिंतीत मात्र बहुतेक वेळा तीन किंवा पाच थर स्ट्रेचरचे आणि मग एक थर हेडरचा दिसेल. त्याला गार्डन वॉल बाँड असंच म्हणतात. हातांनी पाडलेल्या विटांची लांबी एकसारखी नसते. आरपार जाणारा हेडर एका बाजूला सरळ बसवला की दुसरीकडे आत-बाहेर होतो. बागेची भिंत दोन्हीकडून दिसणार, म्हणून हेडर कमी ठेवायचे.

हा तपशील मी मुद्दाम लांबवला, कारण अर्धं निदान त्यातच आहे. हेडर म्हणजे भिंतीच्या दोन्ही तोंडांना एकमेकांशी बांधणारी गाठ. गाठी कमी, आत पाणी मुरलेलं आणि तिथला चुना धुपून गेलेला, की दोन तोंडं वेगळी होतात आणि एकाला पोट सुटतं. तळहाताने भिंत थोपटत चला. घट्ट भाग टणक वाजतो, सुटलेला भाग रिकाम्या डब्यासारखा.

काही भिंतींत विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडलेली असते. हा रॅट-ट्रॅप बाँड. आपल्याकडे तो केरळमुळे माहीत आहे, आणि तिथे तो लोकप्रिय करणारे लॉरी बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे. इंग्लंडमधल्या बागांत आणि गोठ्यांत तो आधीपासून होता. विटा कमी लागत एवढं साधं कारण.

पोकळीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो ओळखला नाही तर नुकसान होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पीच, नेक्टरिन, जर्दाळू पिकवायला दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंती आतून तापवत. मागच्या बाजूला भट्टी आणि भिंतीच्या पोटातून नागमोडी धुराडं. वूस्टरशरमधल्या क्रूम इथली अशी तापती भिंत आजही पाहता येते. तुमच्या भिंतीची एक बाजू विनाकारण जाड असेल, पायथ्याशी बुजवलेलं भोक असेल, एखादी वीट काढल्यावर आत काजळी दिसली, तर तिथे खोल ड्रिल मारू नका आणि कोणी पातळ माल आत ओतून ‘मजबुती’ आणतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

विटांच्या तोंडावर शेकडो बारीक भोकं दिसतील. ती गोळ्यांची नव्हेत. फळझाडाची प्रत्येक फांदी चामड्याच्या किंवा कापडाच्या पट्टीने खिळ्यावर बांधून भिंतीवर पंख्यासारखी पसरवत, त्याची ती खूण आहे. ती बुजवू नका.

कलली आहे की कलते आहे

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शंभर वर्षांपूर्वी कलून स्थिर झालेली भिंत तशीच उभी राहू शकते. माथ्यावरून ओळंबा सोडा आणि दर दोन मीटरला वरचं आणि खालचं अंतर वहीत लिहा. दीड विटेची भिंत साधारण 340 मिलिमीटर जाड असते. अशा भिंतीचा माथा जाडीच्या एक तृतीयांशाने, म्हणजे 11 सेंटिमीटरच्या आसपास सरकला, की तिच्या वजनाची रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या भागाच्या कडेवर येते आणि मागच्या बाजूचे सांधे उघडायला लागतात. हा नुसत्या वजनाचा हिशेब झाला. वाऱ्याचा रेटा त्यावर वेगळा. म्हणून मी तर सहा-सात सेंटिमीटरलाच जुन्या बांधकामांची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवीन. ‘जुन्या बांधकामांची सवय’ हे शब्द महत्त्वाचे. नाहीतर पहिला सल्ला पाडून टाकण्याचा येतो.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून वर्षभर दर महिन्याला अंतर मोजा. चिकणमातीची जमीन उन्हाळ्यात आकसते आणि हिवाळ्यात फुगते, त्यामुळे दोन महिन्यांच्या मोजणीवरून काहीच ठरवू नये. सफक परगण्यात नागासारख्या वळणांच्या ‘क्रिंकल क्रँकल’ भिंती आहेत. त्या एकाच विटेच्या जाडीवर उभ्या राहतात, कारण वळणच त्यांना आधार देतं. तिथला तुकडा कोसळला आणि कोणी सोपं म्हणून सरळ बांधला, तर तो तुकडा टिकत नाही.

पाणी कुठून येतं

दुरुस्तीचा बहुतेक पैसा इथे वाचतो. भर पावसात छत्री घेऊन भिंतीशी उभे राहा. माथ्यावरच्या झाकणाला इथे कोपिंग म्हणतात. ते फुटलं असेल तर पाणी थेट पोटात जातं. पायथ्याशी वर्षानुवर्षं खत आणि माती चढून जमीन फूटभर वर आलेली असते आणि तेवढी भिंत कायम ओली राहते. माती हळूहळू, थोड्या थोड्या लांबीने मागे ओढा. पण पाया उघडा पाडू नका, जुन्या भिंतींचा पाया आश्चर्य वाटावं इतका उथळ असतो. दोन्हीकडे जमिनीची पातळी वेगळी असेल तर भिंत मातीचा भार पेलते आहे, आणि मग हे काम इंजिनियरला विचारूनच.

भिंतीला पांढरा लोणा फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून सुपडीत भरून टाकून द्या. पाण्याने धुतलात तर तो पुन्हा विटेत जिरतो. सिलिकॉनचं वॉटरप्रूफ लावू नका, प्रेशर वॉशर लावू नका. दोन्हींनी भिंत एक महिनाभर छान दिसते.

आयव्ही या भिंतीवर चढणाऱ्या सदाहरित वेलीबद्दल जरा धीर धरा. ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्लिश हेरिटेजसाठी केलेल्या संशोधनात असं दिसलं की धड भिंतीवरची आयव्ही गोठवणाऱ्या थंडीपासून आणि तापमानाच्या चढउतारापासून तिचं रक्षणच करते. नुकसान होतं ते वेलीची मुळं फटीत आत शिरली की. आपल्याकडे पिंपळ जे वाड्याचं करतो ते इथे बडलिया नावाचं झुडूप आणि आत मूळ धरलेली आयव्ही करते. जिवंत वेल ओढू नका, विटेची तोंडं घेऊन येते. बुंध्याशी कापा, वरचा भाग वाळून सुटा होईपर्यंत थांबा, मग तुकड्यातुकड्याने काढा.

सिमेंट का नको

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये घेतलं. त्याआधीच्या भिंतीत ते असूच शकत नाही, आणि नंतरच्याही बहुतेक बागांच्या भिंती चुन्यातच आहेत. विटेत पाणी शिरणारच. सांधा चुन्याचा असेल तर ते सांध्यातून सुकतं. सांधा सिमेंटने बंद केला तर त्याला विटेतूनच बाहेर पडावं लागतं. हिवाळ्यात पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. आमच्या भिंतीला आधीच्या कुणीतरी चार मीटर सिमेंट फासलं होतं. तिथे विटा दोन-दोन सेंटिमीटर आत गेल्या आहेत आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या आहेत. माल विटेपेक्षा मऊ हवा. झिजायचं तर सांध्याने झिजावं. तो पुन्हा भरता येतो.

‘थोडंसं सिमेंट टाका, बळ येईल’ हा सल्ला तुम्हाला दुकानात नक्की मिळेल. नाही म्हणा.

सांधे खरवडणे

सगळी भिंत उकरायची नाही. किल्लीने खरवडून पाहा. भुगा सहज पडतो, सांधा बोटभर आत गेला आहे, तेवढ्याच जागा घ्या. आमच्या सव्वीस मीटरपैकी भरायची गरज निम्म्याहून कमी भागाला होती. अरुंद छन्नी, छोटी हातोडी, जुनं हॅकसॉचं पातं. अँगल ग्राइंडर नाही. तो एकदा घसरला की विटेच्या कडेवरची रेघ कायमची. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, आणि निदान 25 मिलिमीटर, मागे चौकोनी. जुनं सिमेंट विटेला न दुखवता निघत असेल तरच काढा, नाहीतर राहू द्या. आमची ती चार मीटरची पट्टी मी अजून हात न लावता ठेवली आहे, दिसायला वाईट असली तरी.

माल

जुन्या मालाचा एक ढेकूळ आतून काढून सौम्य आम्लात विरघळवला की चुना जातो आणि वाळू उरते. ती वाळू सुकवून पाहा. रंग आणि जाडीभरडी कण-मिसळ तुम्हाला हीच जुळवायची आहे, कारण चुन्याच्या मालाचा रंग वाळूच ठरवते. दुकानातली पिवळी मऊ ‘बिल्डर्स सँड’ चालत नाही. धारदार, बारीकपासून चार-पाच मिलिमीटरपर्यंत सगळ्या मापाचे कण असलेली वाळू लागते. जुन्या मालात पांढरे ठिपके दिसले तर तो कळीचा चुना वाळूतच विरवून केलेला गरम माल असावा. ती पद्धत घरी करू नका. कळीचा चुना पाणी लागताच उकळतो.

घरच्या माणसाला दोन पर्याय. एक, पाण्यात विरवून लोण्यासारखा मुरवलेला चुना, बादलीत तयार मिळतो. दुसरा, पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, पिशवीवर एनएचएल 2, 3.5 किंवा 5 असा आकडा असतो. आकडा 28 दिवसांनंतरच्या किमान ताकदीचा आहे, आणि प्रत्यक्षात माल त्याहून बराच कडक निघू शकतो. मऊ विटांच्या, आडोशाच्या भिंतीला मुरवलेला चुना किंवा एनएचएल 2. वाऱ्यापावसाच्या तोंडावर 3.5. पाच फक्त माथ्यावर. मुरवलेल्या चुन्यात थोडी विटांची पूड घातली तर तो लवकर धरतो. ही आपलीच सुरखी. इथल्या दुकानदाराला मी ते सांगितलं तेव्हा त्याने शब्द लिहून घेतला.

प्रमाण मापाने: एक भाग मुरवलेल्या चुन्याला तीन भाग वाळू, एनएचएलला साधारण अडीच. एकास तीन येतं कारण कोरड्या वाळूच्या कणांमधली पोकळी सुमारे एक तृतीयांश असते आणि चुन्याने ती भरायची असते. फावड्याने अंदाजपंचे मापू नका, बादलीने मापा. पाणी कमी घाला आणि भरपूर मळा. आपल्याकडे चुना घाणीत बैल फिरवून मळत ते उगाच नव्हे. जितकं मळाल तितका माल पाण्याशिवाय मऊ होतो. घमेल्यात उलटी थापी धरली तरी माल चिकटून राहिला पाहिजे. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय सुरुवात नको. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि दवाखान्यात जा.

आधी कोपऱ्यात मीटरभर नमुना भरा आणि महिनाभर सुकू द्या. ओला रंग फसवतो.

भरणे

हंगाम एप्रिलअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम नाही, आणि भरल्यानंतर पहिल्या कडाक्याच्या थंडीपर्यंत दोन-तीन महिने मिळायला हवेत. ऑक्टोबरची माझी गंमत वर सांगितलीच आहे.

सांधे झाडा, वरून खाली पाणी फवारा, पुन्हा थोड्या वेळाने फवारा. वीट कोरडी असेल तर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि चुना धरतच नाही. पाणी साचलेलं असेल तर माल ओघळतो. ओलसर पण न चमकणारी वीट हवी. हॉक नावाच्या मुठीच्या फळीवर माल घेऊन सांध्याच्या रुंदीच्या अरुंद पट्टीने आत दाबा, अगदी मागून. खोल सांधा दोन वेळा भरा. विटांच्या झिजलेल्या गोल कडांवर माल फासू नका. सांधा रुंद दिसायला लागतो, भिंत कापडाला ठिगळं लावल्यासारखी होते आणि तो पातळ थर पहिल्याच हिवाळ्यात सुटतो. कडेपासून किंचित आत थांबा.

आता खरी कला. माल अंगठ्याने दाबला तर खळगा पडू नये पण नखाची रेघ उमटावी, इतका घट्ट होईपर्यंत थांबा. हवेप्रमाणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळ येते. मग ताठ केसांच्या ब्रशने सांध्यावर ठोके मारा, फरफटायचं नाही. माल दाबला जातो, सुकताना पडलेल्या बारीक चिरा मिटतात, वरची साय जाऊन वाळूचे कण उघडे पडतात आणि सांधा मोकळा श्वास घेतो.

त्यावर ओलं तरट टांगा, भिंतीला चिकटणार नाही असं. निदान आठवडाभर दिवसातून दोनदा फवारा. वारा असेल तर तीनदा. ऊन आणि वारा दोन्ही शत्रू आहेत, वारा जास्त.

विटा आणि माथा

वीट निकामी झाली आहे असं वाटलं तर आधी ती अलगद काढून उलटी फिरवून पाहा. मागचं तोंड बहुधा ठणठणीत असतं. नवी लागलीच तर मापाने जुळणारी, हातांनी पाडलेली. जुन्या विटांच्या बाजारातली स्वस्त वीट घेताना जपा. घराच्या आतल्या भिंतींसाठी कमी भाजलेल्या विटा त्यात मिसळलेल्या असतात आणि बाहेर दोन हिवाळ्यांत त्यांचा भुसा होतो. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला तर घ्या.

माथ्यावरचं कोपिंग मात्र आळस न करता नीट करा, आणि सांध्यांच्या आधी करा. सुटलेली प्रत्येक वीट किंवा फरशी उचला, खालचं गवत आणि मुळं काढा, एनएचएल 3.5 किंवा 5 मध्ये पुन्हा बसवा. कोपिंग भिंतीच्या तोंडाच्या पुढे आलेलं हवं, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता सुटं पडतं. ते मूळचंच सपाट असेल तर बदलण्याआधी पुन्हा तो कॉन्झर्व्हेशन ऑफिसर.

फळझाडासाठी तारा ओढायच्या असतील तर खुंट्या सांध्यात ठोका, विटेत नाही. जुने खिळे तसेच राहू द्या. गंजून फुगलेला आणि वीट तडकवणारा खिळा तेवढा काढा.

मार्चमध्ये, पहिला हिवाळा गेल्यावर, किल्ली घेऊन भिंतीच्या कडेने एक फेरी मारा. जिथे सांधा भुसभुशीत लागेल तिथे खडूने फुली करा आणि मेपर्यंत तिकडे पाहू नका.